क्वार्टरची किल्ली : इगतपुरी, ओझर आणि परवडणाऱ्या घराची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

२०२५ च्या जूनची गोष्ट. माझ्या मामेबहिणीची मुलगी इगतपुरीजवळच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली. पगार सुरुवातीचा, म्हणजे बेताचाच. म्हणाली, "मामा, तुम्ही पत्रकार, तुमच्या ओळखी आहेत. एक खोली बघून द्या. स्वयंपाकाचा ओटा आणि संडास-बाथरूम आत असलं की झालं. भाडं सहा हजारांपर्यंत."

मला वाटलं, एका रविवारचं काम आहे. तीन रविवार गेले. खोली मिळाली नाही.

खोल्या नव्हत्या असं नाही. खोल्याच खोल्या होत्या. रस्त्याला लागून नवे बंगले, आत टेकडीच्या उतारावर व्हिला, जुन्या घरांवर चढवलेले मजले. पण पहिल्याच एजंटनं सांगितलं, "दादा, महिन्याच्या भाड्यानं इथं कोण देतंय? शनिवार-रविवारी तेवढे सुटतात." एका आजीबाईंनी भाचीला प्रेमानं चहा पाजला, घर दाखवलं आणि म्हणाल्या, "पोरी, तू चांगली आहेस गं. पण पावसाळ्यात माझ्या वरच्या खोल्या भरतात. तू दिवाळीनंतर ये, मेपर्यंत राहा, जूनला रिकामं कर." म्हणजे ज्या महिन्यात शाळा सुरू होते, त्याच महिन्यात बाईंनी बिऱ्हाड उचलायचं!

मी आजीबाईंना दोष देत नाही. त्यांचं घर आहे, त्यांचा हिशोब बरोबर आहे. पण परत येताना गाडी घाटनदेवीच्या बाजूला थांबवली, खाली कसाऱ्याची दरी ढगांनी भरली होती, आणि मला सारखं एकच आठवत होतं. याच गावात माझ्या मामाला, म्हणजे या पोरीच्या आजोबांना, घर शोधावंच लागलं नव्हतं. नोकरीच्या कागदाबरोबर क्वार्टरची किल्ली हातात आली होती.

आजोबांना न शोधता मिळालेलं घर नातीला शोधूनही का मिळत नाही, याचा इतिहास शोधत बसलो. तो तुमच्यापुढे ठेवतोय. आणि तो फक्त इगतपुरीचा नाही, आपल्या ओझरचाही आहे.

कामासाठी वसलेलं डोंगरातलं गाव

महाराष्ट्रात थंड हवेची गावं म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर आणि माथेरान आठवतात. दोन्ही गावं इंग्रजांनी स्वतःच्या विश्रांतीसाठी वसवली. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमच्या काळात महाबळेश्वरचं आरोग्यधाम उभं राहिलं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि तिथं बंगल्यांची सुरुवात झाली. या गावांत घर आधी साहेबाचं. हमाल, खानसामा, घोडेवाला, रिक्षा ओढणारा हे सगळे त्या घराच्या मागच्या बाजूला, मिळेल तिथं.

इगतपुरीची जन्मकथा वेगळी आहे. ती वसली कामासाठी.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६१ मध्ये रूळ कसाऱ्यापर्यंत आले. पुढं उभा थळ घाट. जीआयपी रेल्वेनं हजारो मजूर लावून बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल बांधले, आणि १ जानेवारी १८६५ ला गाडी घाट चढून इगतपुरीला पोचली. चढ असा की दर ३७ फुटांना एक फूट वर. एका इंजिनाला तो झेपत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीला जादा इंजिन लावायचं आणि ढकलत वर आणायचं. त्यालाच आपण बँकर म्हणतो. बँकर आजही लागतात.

आता विचार करा. जिथं प्रत्येक गाडीला इंजिन लावायचं-सोडायचं, ब्रेक तपासायचे, कोळसा-पाणी भरायचं, तिथं माणसं किती लागतील? ड्रायव्हर, फायरमन, फिटर, गँगमन, पॉइंट्समन, खलाशी. रात्री दोनलाही ड्यूटी, भर पावसात दरड कोसळली तरी ड्यूटी. ही माणसं नाशिकहून रोज येणार कशी? ती घाटमाथ्यावरच राहायला हवीत. म्हणून रेल्वेनं शेडबरोबर घरं बांधली. साहेबांचे बंगले वेगळे, अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची घरं वेगळी, खलाशांच्या चाळी वेगळ्या. समानता त्यात नव्हती. पण एक तत्त्व होतं: ज्याचं काम इथं, त्याचं घर इथं.

१९३० पर्यंत कल्याण ते इगतपुरी विजेवर गाड्या धावू लागल्या. ती वीज डीसी. इगतपुरीच्या पुढं आधी वाफेची इंजिनं आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून एसी विजेची. म्हणजे जवळपास ऐंशी वर्षं इगतपुरीला बहुतेक गाड्यांचं इंजिन बदलायचं. तुम्हाआम्हाला तो थांबा वड्यामुळं लक्षात आहे. त्या पंधरा-वीस मिनिटांत फलाटावर गावाची चूल पेटायची आणि यार्डात गावाचा पगार तयार व्हायचा.

मामाचं क्वार्टर मला चांगलं आठवतंय. दोन खोल्या, जाड भिंती, पुढं पत्र्याची पडवी. पावसाळ्यात चार महिने भिंतीला ओल. मामी कपडे शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवायची. ऐशआराम काही नव्हता. पण महिनाअखेर भाड्याची धास्तीही नव्हती. पगारातून किरकोळ रक्कम कापली जायची, आणि मामाला उरलेल्या पगारात तीन पोरं शिकवता आली.

आणि आपलं ओझर

ओझरला डोंगर नाही. बाणगंगेच्या काठचं हे सपाट शिवाराचं गाव. पण आपल्या गावाची आजची घडणही कामाबरोबर आलेल्या घरांनीच झाली.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये भारतानं सोव्हिएत रशियाशी मिग-२१ चा करार केला. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि १९६३ मध्ये लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते आपल्या नाशिकमधून. मिगसाठी त्याच वर्षी एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी निघाली. १ ऑक्टोबर १९६४ ला ती बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन झाली आणि आजची एचएएल तयार झाली. मिगचं काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला. म्हणून आजही बाहेरगावचा माणूस "ओझर मिग" म्हणतो.

कारखान्याला बंगळूरहून, केरळातून, पंजाबातून, विदर्भातून माणसं येणार होती. त्या वेळच्या ओझरच्या गावठाणात ही माणसं मावणं शक्यच नव्हतं. म्हणून कारखान्याबरोबर टाउनशिप उभी राहिली. घरं, शाळा, दवाखाना, बाजार, मैदान, सगळं आखून. घरं दर्जाप्रमाणे लहान-मोठी, पण अगदी धाकट्या कामगारालाही पक्कं घर, नळ, वीज आणि पोराला चालत जाता येईल अशी शाळा.

मी त्याच कॉलनीत वाढलो. आमच्या शेजारी एका बाजूला मल्याळी कुटुंब, दुसऱ्या बाजूला जळगावचं. दिवाळीत फराळाची ताटं फिरायची, चंपाषष्ठीला आम्ही सगळी पोरं गावात खंडेराव महाराजांच्या यात्रेला बारागाडे बघायला पळायचो. कॉलनी आणि गाव यांच्यात कुंपण होतं हे खरं. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर हे सगळं उभं राहिलं, त्या प्रत्येकाच्या घरात कॉलनीची किल्ली आली नाही, हेही खरं. ती सल जुन्या ओझरकरांच्या बोलण्यात अजून आहे, आणि ती खोटी नाही. तरीही त्या काळच्या सरकारला एक गोष्ट समजलेली होती: विमान बनवायचं असेल तर विमान बनवणाऱ्याला घर द्यावं लागतं. घर हा कारखान्याच्या खर्चाचाच भाग आहे.

थोड्या वेगळ्या वाटेनं हेच नाशिकमध्येही झालं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगार आले, तेव्हा सिडकोनं नवीन नाशिकमध्ये एकामागून एक सहा योजना उभारल्या. लहान घरं, कमी हप्ते. आज "सिडको" म्हटलं की आपण नाक मुरडतो, गल्ल्या अरुंद म्हणतो. पण हजारो कामगारांची पहिली पक्की भिंत तिथंच उभी राहिली.

क्वार्टरची अडचण : किल्ली परत द्यावी लागते

क्वार्टरची नुसती आरती ओवाळणं बरोबर नाही. तिच्यात एक मोठी मेख होती. नोकरी संपली की घर संपलं.

बाबा रिटायर झाले तेव्हा मी विशीत होतो. कॉलनीतला सगळा जन्म चार दिवसांत एका टेम्पोत भरला. आईनं अंगणातली तुळस कुंडीत काढून घेतली. बाबांनी किल्ली दिली, सही केली, बाहेर आले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही रस्त्यावर आलो नाही याचं कारण बाबांच्या खात्यातल्या काही लोकांचं शहाणपण. ऐंशीच्या दशकात त्यांनी एकत्र येऊन गावालगत जमीन घेतली होती, रीतसर बिनशेती करून घेतली होती आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले होते. एकट्यादुकट्याला ती जमीन परवडली नसती. सगळ्यांनी मिळून घेतली म्हणून परवडली. पुढं पीएफचं कर्ज काढून बाबांनी आधी दोन खोल्या बांधल्या, मग स्लॅब, मग वरचा मजला. ही पोस्ट मी त्याच घरात बसून लिहितोय.

मामाला ते जमलं नाही. तेव्हा इगतपुरीत प्लॉट स्वस्त होते, पण "क्वार्टर आहे की, घाई कशाला" म्हणत वर्षं निघून गेली. रिटायर झाल्यावर मामा-मामी मुलाकडे नाशिकरोडला गेले. चाळीस वर्षं ज्या गावानं पोसलं, त्या गावात त्यांच्या नावावर एक वीटही राहिली नाही.

मग बदललं काय?

तीन गोष्टी बदलल्या, आणि तिन्ही एकमेकींवर चढत गेल्या.

पहिली, काम बदललं. मुंबईच्या बाजूची डीसी वीज टप्प्याटप्प्यानं जाऊन सगळीकडे एसी झाली, तसा इंजिन बदलण्याचा थांबा संपला. गाड्या आता दोन-पाच मिनिटं थांबतात आणि निघतात. काम कमी, माणसं कमी. दुसरीकडे गोंदे-वाडीवऱ्ह्याच्या पट्ट्यात कारखाने आले, हॉटेलं आणि रिसॉर्ट आले, शाळा-दवाखाने वाढले. म्हणजे कामं आहेत. पण ही नवी कामं बहुतेक कंत्राटी. ठेकेदार बसचं तिकीटसुद्धा देत नाही, तो क्वार्टर कुठून देणार? खोलीवाला, वेटर, सिक्युरिटी गार्ड, नर्स, शिक्षिका यांच्या नोकरीला आता किल्ली जोडलेली नाही.

दुसरी, भाड्याची घरं बांधणं थांबलं. हे देशभरच झालं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला वाचवायचा तो उपाय होता आणि त्या वेळी गरजेचाही होता. पण तो पन्नास वर्षं चालला. भाड्यासाठी चाळ बांधणारा माणूसच नाहीसा झाला. नवा कायदा १९९९ मध्ये झाला आणि मार्च २००० पासून लागू झाला, तोवर "भाडेकरू म्हणजे डोक्याला ताप" ही भीती घरमालकांच्या रक्तात उतरली होती. ज्याला भाडेकरूची भीती वाटते, त्याला शनिवारी येऊन रविवारी जाणारा पाहुणा देवासारखा वाटतो.

आणि तिसरी गोष्ट, रस्ता. मुंबई-नाशिक रस्ता रुंद झाला. त्यानंतर समृद्धी महामार्ग आला. शिर्डी ते भरवीर टप्पा मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा. जो घाट चढायला रेल्वेनं मजुरांची पिढी खर्ची घातली, तो घाट आता गाणं संपायच्या आत पार होतो. माझी भाची खोली शोधत होती तो हाच महिना.

रस्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही. मीही त्यावरून जातो. पण रस्त्यानं एक हिशोब बदलला. पूर्वी इगतपुरीतल्या घराचा भाव इगतपुरीतल्या पगारावरून ठरायचा. आता तो मुंबई-ठाण्याच्या पगारावरून ठरतो. मुंबईत ज्या पैशात एक खोली येत नाही, त्या पैशात इथं डोंगर दिसणारी बाल्कनी येते. घेणाऱ्याला ते स्वस्त वाटतं, आणि त्याच्या जागी ते खरोखर स्वस्तच आहे. महाग पडतं ते इथं काम करणाऱ्याला.

जमीन कुणाची, कायदा कुणाचा

"शेतकऱ्यांनीच जमिनी विकल्या ना?" असं कुणी म्हणेल. हो, विकल्या. पण जरा सातबारा बघा. इगतपुरी तालुक्यात जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो. दारणा, भावली, मुकणे, वैतरणा ही धरणं याच भागात. पाणी खाली मराठवाड्याकडे जातं, मुंबईकडे जातं, आणि धरणाशेजारच्या वाडीत उन्हाळ्यात हंडा फिरतो. भातशेतीवर पोरीचं लग्न आणि पोराचं शिक्षण होत नसेल, तर तो जमीन राखेल कशाला? विकली, त्यात कुणी घर बांधलं, कुणी गाडी घेतली, कुणाचे पैसे दोन वर्षांत संपले. काहीजण आज त्याच जमिनीवरच्या बंगल्यात वॉचमन आहेत.

कायदे आहेत. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. जमीन महसूल संहितेतल्या १९७४ च्या दुरुस्तीमुळं आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. हे कायदे नसते तर उरलेलं शिवारही गेलं असतं. पण ते जमीन शेतकऱ्याच्या हातून निसटू नये यासाठी आहेत. एकदा जमीन बिनशेती झाली की तिच्यावर काय बांधायचं, वर्षातले तीनशे दिवस कुलूप लागणारा बंगला की बारा महिने दिवा लागणारी खोली, हे विचारणारा कायदा कुठं आहे?

डोंगरातल्या नव्या गावांचा एक प्रयोग आपल्या राज्यानं करून बघितलाय. १९९६ मध्ये सरकारनं गिरिस्थानांच्या विकासासाठी खास नियमावली काढली. त्यातूनच मुळशी भागात वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा उभं राहिलं. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. राजकारण बाजूला ठेवा. एवढंच बघा की आधी बंगला, मग गाव असा उलटा क्रम लावला की काय होतं. गाव कामानं वसतं. नुसत्या देखाव्यानं वसत नाही.

दुसरीकडे काय केलं?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. आल्प्सच्या डोंगरातल्या गावांत श्रीमंतांची सुट्टीची घरं इतकी वाढली की गावातल्या पोरांना गाव सोडावं लागायला लागलं. मग ११ मार्च २०१२ ला स्वित्झर्लंडच्या जनतेनं मतदान करून ठरवलं की कुठल्याही गावात अशी दुसरी घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत. निकाल अगदी काठावर लागला, कारण बांधकामावर पोट असणारे डोंगरातले लोकच विरोधात होते. त्यांचीही बाजू होती. कॅनडातल्या व्हिसलर या बर्फाच्या गावानं दुसरी वाट धरली. १९९७ मध्ये तिथं खास प्राधिकरण नेमलं गेलं, आणि काही घरं अशी राखली गेली की ती फक्त त्या गावात नोकरी करणाऱ्यालाच भाड्यानं वा विकत मिळतील. आपल्या शेजारी हिमाचल प्रदेशानं १९७२ च्या कायद्यातल्या कलम ११८ नं बाहेरच्यांच्या जमीनखरेदीवर लगाम घातला.

आपल्याकडे काय आहे? २०१३ मध्ये राज्यानं नियम केला की ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची. नाशिक महापालिकेत या घरांवरून झालेला गदारोळ तुम्ही वाचलाच असेल. पण हा नियम झाला तो दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. इगतपुरी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३१ हजार. म्हणजे जिथं बाहेरच्या पैशाचा दाब सर्वांत जास्त आणि गाव सर्वांत लहान, तिथं तेव्हा नियमाचा हात पोचलाच नाही.

पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःची जागा असेल तर घर बांधायला अनुदान मिळतं. ज्याच्याकडे जागाच नाही, त्यानं काय करायचं? २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे, नोकरदार महिला आणि कामगारांसाठी. माझ्या भाचीसाठीच लिहिल्यासारखा! पण तो घटक आपोआप गावात येत नाही. नगरपरिषदेनं जागा दाखवावी लागते, प्रस्ताव करावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो. आणि ते करायला लावणारे लोक लागतात.

ओझरकरांनो, हे आपल्याला का सांगतोय?

कारण इगतपुरीत जे झालं ते आपल्या वेशीवर येऊन उभं आहे. विमानतळ आपल्याकडे. महामार्ग आपल्याकडे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तेजस विमानांच्या नव्या उत्पादन साखळीचं उद्घाटन आपल्याकडे झालं. दहाव्या मैलाजवळच्या जमिनीचा भाव विचारून बघा, आणि मग एखाद्या कंत्राटी कामगाराला त्याचा पगार विचारा. एकेकाळी मिगच्या कामगाराला किल्ली मिळाली. तेजसच्या साखळीत कंत्राटदाराकडून काम करणारा पोरगा आज कुणाच्या तरी पत्र्याच्या खोलीत चौघांत राहतो.

आपल्याकडे आता नगरपरिषद आहे. शहराचा विकास आराखडा होतो, तेव्हा त्यात रस्ता, बाग, शाळा यांच्यासारखंच दुर्बल घटकांच्या घरांसाठीही आरक्षण टाकता येतं. आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. आपला अनुभव काय? ज्यांचा प्लॉट रस्त्यात जातो ते हरकत घेतात. ज्याला प्लॉटच नाही, तो कधीच हरकत घेत नाही. त्याच्या वतीनं कुणी घेतली तर?

आणि "आपल्याला हे जमणार नाही" असं म्हणू नका. याच ओझरमध्ये, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकारानं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वाघाड धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या. तेव्हाही लोक म्हणाले होते की कालव्याच्या शेवटाला पाणी येणं शक्य नाही. शेतकरी एकत्र आले, पाणी मोजून घेतलं, मोजून वाटलं. पुढं अख्ख्या वाघाड प्रकल्पाचा कारभार पाणी वापरणाऱ्यांच्याच हाती आला, आणि देशभरातून लोक तो बघायला ओझरला आले. पाण्यावर जे जमलं ते जमिनीवर का जमू नये? बाबांच्या खात्यातल्या लोकांनी चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले, ते याच रीतीचं लहान रूप होतं.

माझं म्हणणं एवढंच. घराचा भाव नंतर ठरतो. घर कुणासाठी बांधायचं हे आधी ठरतं. १८६५ मध्ये ते रेल्वेनं ठरवलं, १९६४ मध्ये सरकारनं ठरवलं. दोघांनीही उपकार म्हणून नाही, काम चालावं म्हणून ठरवलं. आज कुणीच ठरवत नाही, म्हणून शनिवार-रविवार ठरवतोय.

भाचीचं काय झालं ते सांगतो. ती आता नाशिकरोडला आजोबांच्याच घरी राहते. सकाळी पंचवटी पकडते, पन्नासेक किलोमीटर जाते, इगतपुरीला उतरून रिक्षानं शाळेत पोचते. संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं परत. गाडी लेट झाली की पहिला तास बुडतो. परवा म्हणाली, "मामा, स्टेशनवरून चालताना आजोबांची क्वार्टर दिसते. दाराला कुलूप आहे, छतावर पिंपळ उगवलाय."

इगतपुरीत, ओझरमध्ये, कुठंही, तुमच्या घरात क्वार्टरची अशी आठवण असेल किंवा आज खोलीसाठी फिरताय असा अनुभव असेल, तर लिहा. नगरपरिषदेकडे निवेदन न्यायचं झालं तर माझ्या एकट्याच्या सहीनं काही होणार नाही.